तारेवरचा बर्फ

बर्फ पडायला लागला तेव्हा करुणा तायडे बाजारातल्या खांबावर होती. कमरेला पट्टा, हातात पक्कड. हिमोत्सवाच्या मांडववाल्यानं परस्पर आकडा टाकून वीज ओढली होती, त्यापायी अर्ध्या बाजाराचे दिवे मिणमिणायला लागले होते, आणि तो आकडा काढायला ती सकाळी आठलाच वर चढली होती. पहिले दोन-चार कण हातमोज्यावर पडले तेव्हा तिला वाटलं, गच्चीवरून कुणी थर्माकोल कुसकरतंय. मग खाली एकच गलका झाला. दुकानं उघडी टाकून सगळा बाजार रस्त्यावर आला.

शिडी धरून उभा असलेला बन्सी दहीकर तोंड वर करून जीभ बाहेर काढून उभा होता. बन्सी पठाराखालच्या कोटमी गावचा कोरकू, चाळिशीचा गडी, अकरा वर्षं तिच्या जोडीनं लाईनवर काम करणारा.

“ताई, याले तं काहीच चव नाही,” तो म्हणाला.

“जीभ आत घे अन् शिडी धर. आज गुरुवार आहे ना?”

“गुरुवारच.”

“मग हे आज कसं पडून राह्यलं?”

हा तिचा त्या दिवसातला पहिला राग, आणि तो साधा कामाचा राग होता. हिमोत्सव रविवारी होता. पत्रिकेत रविवार, फलकांवर रविवार, आणि वीज केंद्रात आलेल्या एकमेव कागदावरही रविवारच. तोही कागद मांडवाला जोडणी द्या एवढंच सांगणारा. बर्फ पडल्यावर तारांचं काय करायचं, हे त्यात नव्हतं. सातपुड्याच्या या टोकावर, सेमलदऱ्यात, जानेवारीच्या पहाटे गवतावरचं दव कधीमधी पांढरं व्हायचं, पण बर्फ कुणाच्या आज्यानंही पाहिला नव्हता.

दोन हजार बेचाळीस सालचा तो जानेवारी. बर्फ पाडणाऱ्या कंपनीचं नाव होतं शिशिर वेदरवर्क्स, आणि पाडणाऱ्यांत करुणाची एकुलती एक मुलगी होती.

उत्पला आठ वर्षांची असताना करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचा बाप गेला. तो वायरमन होता. त्याच्या जागेवर करुणा लागली. टेबलाचं काम मिळत होतं, तिनं खांबाचं मागून घेतलं. खांबावर साहेब कमी भेटतात, असं ती सांगायची. त्या खांबावरच्या पगारात मुलगी पुण्याला शिकली, डॉक्टरेट झाली, आणि दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या गाडीतून सेमलदऱ्याला परत आली ती प्रमुख शास्त्रज्ञ म्हणून. गावानं तिचा सत्कार केला. करुणा पहिल्या रांगेत बसली होती, आणि उत्पलानं आपलं काम सांगितलं ते तिला नीट कळलं होतं.

पाणी शून्य अंशाला गोठतं, असं शाळेत शिकवतात. ढगातलं पाणी त्याला जुमानत नाही. ढगातला बारीक थेंब शून्याच्या खाली दहा अंश गेला तरी पाणीच राहतो, कारण गोठायला त्याला आधाराचा एखादा कण लागतो. दुधाचं दही व्हायला विरजण लागतं, तसं. धुळीचं विरजण चालतं, पण ते फार थंडीतच लागू पडतं. झाडांच्या पानांवर राहणारे काही जिवाणू मात्र अस्सल विरजण बाळगून असतात. त्यांच्या अंगावरचं एक प्रथिन पाण्याच्या रेणूंना असं रांगेत उभं करतं, की उणे दोन अंशालाच बर्फ होतो. उत्पलाच्या गटानं त्या प्रथिनाची घडण बदलून तो आकडा उणे एकच्याही आत आणला. त्याची भुकटी दोनशे ड्रोन ढगात पेरत.

“पण आपली हवा तं चार-पाच अंशांची राहते,” तेव्हा करुणानंच विचारलं होतं. “खाली येता येता वितळून नाही जाणार?”

“पहिले वितळतात, आई,” उत्पला कौतुकानं म्हणाली होती. “पण वितळायला ऊब लागते. ती ते हवेतूनच घेतात. अर्धा तास असे वितळत राहिले की हवाच शून्यावर येते. त्यांच्या मागून येणारे मग थेट जमिनीवर.”

सभागृहानं टाळ्या वाजवल्या होत्या. करुणानंही.

आता खांबावरून उतरेपर्यंत तिच्या पट्ट्यावर, पकडीवर, पापण्यांवर बर्फ होता.

---

तासाभरात जमिनीवर दोन बोटं बर्फ साचला. बर्फाच्या देशात एवढ्यानं शाळेची घंटा दोन मिनिटं उशिरा होत नसेल. सेमलदऱ्यात सगळंच अडलं.

बाजाराच्या उतारावर स्कूटर घसरल्या त्या एकीवर एक जाऊन पडल्या. चपला घालून फिरणारं गाव, लोकांनी पायांना दुधाच्या पिशव्या बांधल्या आणि ते आणखीनच घसरायला लागले. गवळ्यांच्या म्हशी गोठ्याबाहेर पाय टाकेनात. शाळेच्या, दवाखान्याच्या, पाणीपुरवठ्याच्या छपरांवरची सौर पॅनेल पांढरी झाली आणि वीज बनायची थांबली. परतवाड्याहून येणारी पहिली एसटी घाटाच्या चौथ्या वळणावर आडवी झाली. लागलं कुणालाच नाही, पण रस्ता बंद झाला आणि मागे-पुढे पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली. रांगेतले लोक खाली उतरून फोटो काढत होते.

मग झाडं मोडायला लागली. इथल्या झाडांना पानं गाळून मोकळं राहायची सवय नाही. नीलगिरी, सिल्व्हर ओक भर जानेवारीत पानांनी गच्च. ओला बर्फ त्यांच्यावर साचला आणि फांद्या कडाकड तुटायला लागल्या.

तारांचं तर तिनं डोळ्यांनी पाहिलं. कोरडा बर्फ तारेवरून उडून जातो. हा ओला होता, भिजल्या पिठासारखा चिकट. तो तारेच्या वरच्या अंगाला बसायचा, त्या वजनानं तार हळूच पीळ खाऊन फिरायची, बर्फ खालच्या अंगाला जायचा, वर पुन्हा नवा बसायचा. असं फिरत फिरत करंगळीएवढ्या तारेचा मनगटाएवढा दोर झाला होता. मीटरला किलोभर तरी वजन. दोन खांबांत साठ मीटर तार. म्हणजे प्रत्येक तारेवर एकेक माणूस लोंबकळत असल्यासारखं, आणि खांबावर तारा तीन. हे खांब वाऱ्या-पावसासाठी घातलेले होते.

साडेनऊला दवाखान्याची लाईन गेली. तिथल्या डॉक्टरबाईंचा फोन आला. दिवस भरायच्या आत जन्मलेली दोन बाळं उबेच्या पेटीत होती, छपरावरची वीज बंद, बॅटरी तासभर चालेल. दुसऱ्या लाईनवरून वीज द्यायची तर दवाखान्यामागच्या खांबावर चढून जोड बदलायला हवा होता. करुणा आणि बन्सी तिथं पोचले. पठारावर ते दोघंच होते. तिसरा सहकारी घाटात एसटीच्या मागे अडकला होता.

करुणानं खांबाकडे पाहिलं, तारांच्या झोळाकडे पाहिलं, आणि मुलीला फोन लावला. मागे बँड वाजत होता. मंत्र्यांना रविवार जमत नव्हता म्हणून कंपनीनं हा आजचा बर्फ पाडला होता, हे तिला त्या फोनवरच कळलं.

“अजून किती वेळ पडन हे?”

“वीस-पंचवीस मिनिटं, आई. तू पाहिलंस का? किती सुंदर...”

“तारेवर बर्फ चढून राह्यला. मनगटाएवढा. मले आता खांबावर माणूस चढवाचा आहे. चढवू का?”



“थोडं थांबता येणार नाही का?” उत्पला म्हणाली.

“दवाखान्यात पेटीत लेकरं आहेत. थांबू काऊन? काही असन तर सांग मले.”

कुणीतरी तिला ‘मॅडम, मॅडम’ म्हणून हाक मारली. उत्पला घाईनं म्हणाली, “काही नाही. सांभाळून करा.”

करुणानं फोन ठेवला आणि परमिट लिहायला घेतलं. परमिट म्हणजे लाईन बंद आहे, माणूस चढायला हरकत नाही, अशी लेखी चिठ्ठी. ती तिनं स्वतःच्या हातानं लिहिली, सही केली. ती चढायला निघाली तर बन्सीनं तिच्या हातातला पट्टा घेतला. “तुमचे गुडघे पाय्हा, ताई. मी जातो.”

तारांना अर्थिंग लावून, म्हणजे चुकून आलेली वीज जमिनीत उतरेल अशी सोय करून, तो वर गेला. बांबूनं झटकून त्यानं एका तारेचा बर्फ पाडला, तो धपकन खाली आला. दुसरी तार झटकायला तो वळला, तेवढ्यात घाटाच्या बाजूला नीलगिरीची फांदी पलीकडच्या तारांवर पडली आणि त्या बाजूच्या तिन्ही तारा तुटल्या. आता खांबाला एकाच बाजूनं ओढ राहिली. सिमेंटचा खांब बुडातून वाकला नाही, सरळ मोडला. बन्सी पट्ट्यानं खांबाला बांधलेला होता. तो खांबाबरोबरच आला.

रुग्णवाहिका घाटात निघाली. करुणा आत त्याचं डोकं धरून बसली होती. चौथ्या वळणावर आडव्या एसटीपाशी गाडी थांबली. लोकांनी एसटी ढकलायचा प्रयत्न केला, बर्फावर त्यांचेच पाय सरकत होते. कुणी पोती आणून अंथरली, कुणी माती टाकली. चाळीस मिनिटं गेली. अकरा वाजून दहा मिनिटांनी बन्सी तिच्या मांडीवर गेला. रुग्णवाहिकेच्या काचेतून तिला एक बाई दिसत होती, रस्त्याच्या कडेला बर्फाचा छोटा बाहुला करत होती.

दवाखान्यातल्या नर्सनं दोन्ही बाळं त्यांच्या आयांच्या छातीशी उघड्या अंगानं बांधली, वरून गोधड्या गुंडाळल्या. बाळं जगली. बन्सी वर चढला नसता तरी ती जगली असती.

बारा वाजता ऊन पडलं. तीनपर्यंत सगळा बर्फ वितळून गटाराला लागला होता. संध्याकाळी फोनवर कंपनीचं निवेदन आलं: सेमलदऱ्यात ऐतिहासिक हिमवर्षाव, पर्यटकांत उत्साह, रविवारी मुख्य सोहळा. शेवटच्या ओळीत, जीर्ण वीजवाहिन्यांमुळे झालेल्या एका दुर्घटनेबद्दल खेद.

---

शुक्रवारी सकाळी पाचपोर साहेब आले. उपअभियंता, माणूस मूळचा वाईट नव्हता, पण निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला. सेमलदऱ्याची वीज तेव्हा सातपुडा वितरण नावाच्या खासगी कंपनीकडे होती, आणि सातपुडा वितरण आणि शिशिर यांचा मालक एकच होता. साहेबांनी टाईप केलेला कागद टेबलावर ठेवला. उभ्यानंच म्हणाले, “तायडे बाई, वाचून सही करा.”

कागदात लिहिलं होतं की मयत तंत्रज्ञ परमिट न घेता, वरिष्ठांना न सांगता खांबावर चढला.

“परमिट मी देलं होतं, साहेब.”

“ती चिठ्ठी कुठं आहे?”

“त्याच्या खिशात होती. पंचनाम्यात असन.”

“पंचनाम्यात चिठ्ठी नाही.” साहेबांनी तिच्याकडे न बघता चष्मा पुसला. “बाई, हे तुमच्याच भल्याचं आहे. परमिट दिलं म्हणाल, तर माणूस तुम्ही मारला असं होतं. बर्फात चढवला कोणी? तुम्ही. विचार करा.”

“विचार रातभर केला, साहेब. चढवला मीच. ते मी लिहून देतो म्हणतो तुमाले. अन् बर्फ कोणं पाडला, हे तुमी लिहून द्या.”

साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. जाताना म्हणाले, “रविवारपर्यंत वेळ आहे. तोवर लाईनी नीट करून ठेवा. शिशिरच्या गोदामाला ड्रोनसाठी अखंड वीज पाहिजे.”

“रविवारी अजून पाडणार?”

“सोहळा आहे ना.”

ती खुर्चीत बसून राहिली. राग डोक्यात चढतो म्हणतात, तिच्या तो हातांत उतरला होता.

दुपारी उत्पला घरी आली. डोळे सुजलेले, अंगात अजून कंपनीचं निळं जाकीट. दारातच म्हणाली, “आई, मी लिहिलं होतं.”

करुणानं कांदा चिरायचं थांबवलं नाही. “काय लिहिलं होतं?”

“अहवालात. एकतिसावं पान. आपला बर्फ उणे एकलाच तयार होतो, म्हणून तो नेहमी ओलाच पडतो. ओला बर्फ तारांना धरतो. तारांवर किती वजन येईल त्याचा तक्ता दिला होता. बर्फ पाडायच्या आधी वीजवाल्यांना कळवा, लाईनी बंद ठेवा, कुणाला खांबावर चढू देऊ नका, असं स्पष्ट लिहिलं होतं. वरच्यांनी ते पान काढून टाकलं. कळवायचं म्हटलं तर परवानग्यांत वर्ष गेलं असतं.”

“अन् तू काय केलं?”

“मी भांडले. मग...” ती थांबली. “मग सही केली.”

कांदा चिरून झाला. करुणानं सुरी पाटावर ठेवली.

“मी तुले फोन केला होता,” ती म्हणाली. “मी इचारलं, माणूस चढवू का. तुले माहीत होतं. एकतीस नंबरच्या पानावर तूच लिहिलं होतं, कोणाले चढू देऊ नका. मले एक शब्द सांगाचा होता. ‘नको’. तेवढाच.”

“बाजूला डायरेक्टर उभे होते, मंत्री होते. मला वाटलं, वीसच मिनिटं राहिलीत. तक्ता दोन तासांच्या बर्फाचा होता. एवढ्यात काही होणार नाही असं...”

“तू ‘सांभाळून करा’ म्हटलं.”

उत्पला भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. लहानपणी ती अशी रडली की करुणा हातातलं काम टाकून जवळ जायची. आज ती उठली, कांद्याची सालं गोळा केली आणि बाहेर टाकून आली.

“मले सांगून काय होते?” ती म्हणाली. “उद्या सकाळी कोटमीले चल. फुलवंतीले सांग.”

“आई, त्यांना मी काय तोंडानं...”

“ज्या तोंडानं मले सांगतलं त्याच.”

---

कोटमीला गाडीरस्ता नव्हता, नाल्यापासून पुढे पायीच. दोघी मायलेकी शनिवारी सकाळी चालत गेल्या. बन्सीच्या अंगणात माणसं बसली होती. त्याची बायको फुलवंती ओसरीवर होती, बारीक अंगाची, काळजीपूर्वक सरळ बसलेली बाई. करुणाला पाहून तिनं चटई सरकवली.

“ही माही पोरगी,” करुणा म्हणाली. “हिले काही सांगाचं आहे.”

उत्पलानं सांगितलं. आधी तिचे शब्द शहरी, कागदी येत होते. ‘जोखीम’, ‘अहवाल’, ‘शिफारस’. लोकांना कळेना. तिनं पुन्हा सुरुवात केली. हा बर्फ देवानं नाही पाडला, आम्ही पाडला. त्यानं तारा तुटतील हे मला ठाऊक होतं. आईनं फोनवर मला विचारलं, तेव्हा मी सांगितलं नाही. भ्याले.

करुणाला वाटत होतं, फुलवंतीनं हिच्या थोबाडीत मारावी. तिला खरोखर ते हवं होतं. फुलवंतीनं उत्पलाकडे पाहिलं.

“साहेब आलता काल,” ती म्हणाली. “म्हणे, तुह्या नवऱ्यानं कोणाले न इचारता खांबावर उडी घेतली. मी म्हटलं, तो असा नव्हता. तो घरातला दिवा लावाले बी मले इचारे.” मग तिनं विचारलं, “उद्या अजून पाडता काय?”

उत्पलानं मान खाली घातली. “उद्या पहाटे. ढग येणार आहे.”

“आमची पोरं उद्या त्याच तारेखालून नाल्यावर पाण्याले जातील,” फुलवंती म्हणाली. आवाज तिनं चढवला नाही. “तुमी दोघी शिकेल आहा. त्याचं काय ते पाय्हा.”

परत चढून येताना उत्पला थांबली. “मी गोदामात जाऊन थांबवते त्यांना,” ती म्हणाली.

करुणा म्हणाली, “जा.” मुलगी वळून गेली त्या दिशेनं तिनं पाहिलंही नाही.

कंपनीचे दोनशे ड्रोन पठाराच्या टोकाला जुन्या कॉफीच्या गोदामात ठेवलेले असत. जनरेटर होता, पण तो दिव्यांपुरता. ड्रोन उडायच्या आदल्या रात्री चार्ज करायला गोदामाची मोठी लाईनच लागायची, आणि त्या लाईनचा स्विच रस्त्याकडेच्या जोडखांबावर होता. खाली कुलूप लावलेला लोखंडी दांडा. दांडा खाली ओढला की वर तिन्ही तारा एकदम सुटतात. त्याची किल्ली पठारावर दोघांकडेच असायची. एक बन्सीकडे. त्याची आता पंचनाम्यात असेल किंवा नसेल. दुसरी करुणाकडे.

दुपारी साडेबाराला तिनं दांडा ओढला, कुलूप लावलं, किल्ली ब्लाउजात टाकली, आणि नोंदवहीत लिहिलं: ‘गोदाम लाईन बंद केली. कारण, रविवारी पहाटे बर्फ पाडणार असल्याने लाईन असुरक्षित. क. तायडे, प्रधान तंत्रज्ञ.’ असुरक्षित लाईन बंद करायचा अधिकार तिला नियमानं होता. वीस वर्षांत तो तिनं पावसासाठी वापरला होता, वादळासाठी वापरला होता.

दहा मिनिटांत पाचपोर साहेबांचा फोन. “तायडे बाई, लाईन चालू करा. वरून फोन येऊन राहिलेत.”

“वरून बर्फच येते, साहेब. फोनचं काय घेऊन बसले?”

“तुम्ही निलंबित व्हाल.”

“लिहून पाठवा. ज्याले किल्ली द्याची त्याचं नाव बी लिहा. त्याले मी नोंदवहीत सही करून देतो, की लाईन असुरक्षित आहे हे मी त्याले सांगतलं होतं. मग त्यानं चालू करावी.”

असं नाव कुणी लिहून पाठवलं नाही. परतवाड्याहून आलेल्या दोघा तंत्रज्ञांनी नोंदवही वाचली, एकमेकांकडे पाहिलं आणि ते चहा प्यायला गेले. पोलीस हवालदार आला, त्यानंही वाचलं, म्हणाला, वायरमनच धोका म्हणते तर मी कसा हात लावू. दिवस कलता कलता कोटमीची माणसं वर चढून आली. फुलवंती त्यांच्यात होती. ती जोडखांबाशी येऊन बसली, आणि मग बाकीचे बसले.

गोदामात उत्पला डायरेक्टरपुढे उभी होती, हे करुणाला नंतर कळलं. त्यानं तिला आधी समजावलं, मग करारपत्र दाखवलं. ती बाहेर आली आणि गोदामाच्या पायरीवर बसून मूळ अहवाल, एकतिसाव्या पानासकट, विद्युत निरीक्षकांना पाठवून दिला. मग जाकीट काढून पायरीवर ठेवलं.

रविवारी पहाटे ढग आला. पठारावरून सावकाश सरकला, थोडी बोचरी रिमझिम झाली आणि तो पूर्वेला निघून गेला. मांडवात दोन हजार लोक भिजले. त्यांच्या शिव्या जोडखांबापर्यंत ऐकू येत होत्या. सोमवारी करुणाला निलंबनाचं पत्र मिळालं.

---

चौकशी मार्चमध्ये परतवाड्याच्या विश्रामगृहात झाली. उन्हं तापली होती, पंखा फिरत होता. निरीक्षक बाई नेमकं विचारणाऱ्या होत्या. करुणानं आपलं सांगितलं: परमिट मी दिलं, चढवायचा निर्णय माझा, त्याची शिक्षा मला द्या. पण मला कळवलं असतं तर मी चढवला नसता. पाचपोर साहेबांनी टाईप केलेला कागद वाचला, त्यात दोनदा अडखळले. निरीक्षक बाईंनी विचारलं, पट्टा बांधून, अर्थिंग लावून वर गेलेला माणूस परमिट घ्यायला विसरला, असं तुमचं म्हणणं आहे का? साहेब पाणी प्यायले आणि खाली बसले.

मग उत्पलाला बोलावलं. नोकरी गेलेली, कंपनीची नोटीस आलेली. दोन महिन्यांत ती आईकडे आली नव्हती, आईनं बोलावलं नव्हतं. तिनं अहवाल वाचून दाखवला. एकतिसावं पान, तक्ता, शिफारस. शेवटी तिला विचारलं, आणखी काही?

“फोन,” ती म्हणाली. कंपनीचा वकील उठला, हा खासगी संवाद आहे, त्याचा संबंध नाही, म्हणाला. निरीक्षक बाईंनी त्याला बसवलं. उत्पलानं गुरुवारचा फोन सांगितला. आईनं काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं. शब्दाला शब्द. एकही शब्द तिनं मऊ केला नाही. करुणानं ऐकलं, आणि तिच्या हातांत पुन्हा तोच राग उतरला. मुलगी खरं बोलत होती. त्यानं राग कमी होत नव्हता.

सांगून झालं. निकाल पुढं यायचा होता, शिशिरचा परवाना रद्द व्हायचा होता की नुसता थांबायचा होता, ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. उत्पला कागद गोळा करून वळली. खोली भरलेली होती. कंपनीच्या माणसांच्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, तिकडे ती जाणं शक्य नव्हतं. ती दाराकडे पाहायला लागली.

भिंतीकडच्या बाकावर करुणा आणि फुलवंती शेजारी बसल्या होत्या. फुलवंती पदर सावरत भिंतीकडे सरकली. दोघींच्या मध्ये एका माणसापुरती जागा झाली.

“बस,” ती उत्पलाला म्हणाली.

उत्पला आली आणि अंग चोरून मध्ये बसली. तिचा दंड आईच्या दंडाला लागत होता. करुणा समोर बघत राहिली. तिनं मुलीकडे तोंड वळवलं नाही, पण ती बोटभरही दूर सरकली नाही.